मधाची वाट

साठेकाका दर शनिवारी फाटकापासून घराच्या दारापर्यंत मधाची बारीक धार ओततात. लीड्समध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यामुळे मध त्यांचा आणि मुंग्या माझ्या किचनमध्ये.

हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्यावर काका हित्ती लोकांच्या नादी लागले. हे लोक हजारो वर्षांपूर्वी तुर्कस्तानात राज्य करत होते. "वहिनी, हजार देव त्यांचे. शेजाऱ्याचा देव दिसला की घरी आणून बसवायचा. मोठ्या मनाची माणसं." काका हे देव मातीचे करतात. बैलावर उभा असतो तो वादळदेव. पाऊस थांबेना झाला की त्याला ब्रेड आणि बिअरचा नैवेद्य. प्रसादाची बिअर काका घेतात. लीड्सच्या हवेमुळे काकांची भक्ती वाढतच गेली आहे.

काकू गेल्यावर देव इतके झाले की काकांनी मुलाच्या, निखिलच्या, खोलीतला पलंग काढून तिथे देव मांडले. ख्रिसमसला तो मँचेस्टरहून आला, खोली पाहिली आणि बॅग न उघडताच परत गेला. त्यानंतर फोन बंद. काका म्हणाले, "येईल." हजार देवांना जागा देणाऱ्या माणसाला एक फोन करवेना.

परवा मुंग्या साखरेत पोचल्या तेव्हा मी भांडायलाच गेले. दार उघडंच होतं. जिन्यावर देव, बाथटबमध्ये देव, वादळदेव मायक्रोवेव्हवर. निखिलच्या खोलीत मात्र पलंग परत आला होता, आणि काका त्यावर धुतलेली चादर घालत होते.

"काका, तो मध कशासाठी?"

"तेलिपिनु नावाचा देव रुसला," काका चादर ताणत म्हणाले. "रागात डावा बूट उजव्या पायात घालून निघून गेला. चुलीत धूर कोंडला, मेंढी कोकराला जवळ घेईना. रुसलेल्या देवाला यायला मधाची वाट करतात."

"आणि तो आला?"

"मोठे देव शोधून थकले. शेवटी एक मधमाशी जाऊन डसली. आधी जास्तच चिडला. मग आला."

मी घरी जाऊन निखिलला फोन लावला.

"मावशी, बाबा मला एक फोन पण नाही केली," तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला.

"तू तरी कुठे केलास? तुमच्या दोघांच्या रुसव्यापायी मुंग्या माझ्या साखरेत आल्यात. शनिवारी ये आणि फाटक ते दार धुऊन काढ."

तो बराच चिडला. मी फोन ठेवून दिला.

शनिवारी गाडी थांबली. निखिल मधावरून चिकट पावलं टाकत सरळ दारापर्यंत गेला. काका दारात उभे होते. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, खाली वाकून पायांकडे पाहिलं.

"बूट नीट घातलेस," ते म्हणाले, आणि बाजूला सरकले.

फाटक ते दार शेवटी मीच धुतलं.