ढोके मॅडमची उलटी छत्री

ढोके मॅडम छत्री उलटी धरायच्या. ऑक्टोबरचं दारव्ह्याचं ऊन, डोक्यावर साधा रुमालही नाही, आणि छत्री अशी की देवाने वरून काही टाकलंच तर झेलता यावं. दुसऱ्या हातात काठी. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, झाडाखाली ही छत्री धरायची, फांदीला दोन टोले द्यायचे आणि आत लावलेल्या पांढऱ्या कापडावर काय पडलं ते नाक टेकवून पाहायचं. कोळी असेल तर तो बाटलीत जायचा, बाकीच्यांची सुटका.

कापसाच्या संकटाची ती वर्षं. शेतात कोणी अनोळखी माणूस उतरला की तो एकतर समितीवाला नाहीतर चॅनेलवाला. मॅडमना पाहून एकदा एक शेतकरी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पळत आला.

"पंचनामा हाये का मॅडम?"

"नाही भाऊ. कोळी पाहून राह्यली."

तो बराच वेळ छत्रीकडे पाहत राहिला. "आता कोळ्याचाबी पंचनामा करते का सरकार?" असं म्हणून परत गेला.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. प्रयोगशाळा एक, टेबलं दोन. मला मॅडमचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतरी पुढे ते लपणार नाहीच.

मॅडमचा आवडता शब्द होता, "कायच्यावरून?" शिपायाने म्हटलं, आज पाऊस येणार, की मॅडम चष्मा वर करून, "कायच्यावरून?" स्टाफरूममध्ये कोणी म्हटलं, चहा मस्त झालाय, की "कायच्यावरून?" तरुणपणी त्यांच्यासाठी यवतमाळहून एक स्थळ आलं होतं म्हणे. मध्यस्थ म्हणाला, मुलगा स्वभावाने गरीब आहे. मॅडमनी तिथेही हेच विचारलं, आणि ते स्थळ चहा न घेता परत गेलं. खरंखोटं मला माहीत नाही. मॅडम एकट्याच राहायच्या, एवढं खरं.

तर या बाईंना दिग्रस रस्त्यावरच्या एका शेताच्या धुऱ्यावर कोळ्याची एक मादी सापडली. काळी, पाठीवर पिवळे ठिपके. कोणत्याच पुस्तकात बसेना.

"नवीन प्रजाती!" मी म्हणालो. म्हणावंच लागलं, समोर उभ्या होत्या.

"कायच्यावरून?" मॅडम म्हणाल्या. स्वतःलाही सोडायच्या नाहीत.

मग सुरू झाली ती तपासणी. जवळच्या नात्यातल्या प्रत्येक कोळ्याचं जुनं वर्णन मागवायचं, संग्रहालयातल्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहायचं, पायावरचे काटे मोजायचे. कोळ्याची ओळख रंगावरून पटत नाही, प्रजननाच्या अवयवांवरून पटते, हे मॅडमनी स्टाफरूममध्ये खणखणीत आवाजात समजावलं, तेव्हा मराठीच्या सरांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला.

शेवटी मोठ्या शहरातल्या एका तज्ज्ञांनी कळवलं की मादी वेगळी दिसते खरी, पण नराशिवाय खात्री नाही. नर शोधा.

झालं. मॅडम नर शोधायला लागल्या आणि कॉलेजला विषय मिळाला. "वरसंशोधन कुठवर आलं?" असं क्लार्कसुद्धा विचारायचा. मॅडम गंभीरपणे सांगायच्या, "अजून नाही जमलं." त्याच काळात त्या आठवडी बाजारात केळीवाल्याकडून सडकी केळी मागून न्यायला लागल्या. बाई चिक्कू झाली, असं ठरवून आम्ही मोकळे झालो.

तेवढ्यात यवतमाळचा एक वार्ताहर आला आणि पेपरात मॅडमचा फोटो छापून आला. छत्रीसकट. छत्रीमागे एक कोपर दिसत होतं, ते माझं. बायकोने फोटो पाहून विचारलं, "तुम्ही दोघं एकच विषय शिकवता ना?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एवढ्या वर्षांत मी किती बेडूक फाडले, कोणी कोपराचासुद्धा फोटो काढला नव्हता.

दुसऱ्या रविवारी मीही छत्री घेऊन निघालो. सरळ त्याच धुऱ्यावर गेलो, कारण दुसरा धुरा मला माहीत नव्हता. छत्री काळी होती, आत पांढरं कापड लावायचं सुचलं नाही, त्यामुळे काळे कोळी दिसलेच नाहीत. दिसला तो एकच. लाल, तिळाएवढा, ठिपक्याचा पत्ता नाही. तोही नर!

पुस्तकं चाळली. कुठेच नव्हता. मी मॅडमना स्वतः बोलावलं, "या, पाहा." त्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या त्या वाकल्याच. मी छातीवर हात ठेवून उभा. आता विचारतील, कायच्यावरून. मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं.

मॅडमनी मान वर केली आणि म्हणाल्या, "छान हाये सर. पाठवा तज्ज्ञांकडे."

एवढंच! मला वाटलं, जळली बाई. काय सांगू, केवढा आनंद झाला. मी पेढे आणले आणि सगळ्यांत आधी मॅडमच्या टेबलावर नेऊन दिले. स्वतःचं नाव प्रजातीला देता येत नाही, असा या शास्त्रातला रिवाज आहे, म्हणून बायकोचं द्यायचं ठरवलं. "कोळ्याले माह्यं नाव?" असं म्हणून ती दोन दिवस बोलली नाही.

महिन्याभराने तज्ज्ञांचा फोन कॉलेजच्या ऑफिसात आला. "सर, अभिनंदन," ते म्हणाले. "तुमचा नर आणि ढोके मॅडमची मादी, दोघं एकाच नव्या प्रजातीचे असावेत. या गटात नर लहान आणि वेगळ्या रंगाचा असतो. भले भले फसतात." मी मोठ्याने म्हणालो, "म्हणजे माझा नर मॅडमच्या मादीचा?" आणि क्लार्कने पेन खाली ठेवलं.

मी तसाच मॅडमच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दार उघडंच होतं. खिडकीशी एक फळी, फळीवर जॅमच्या बाटल्या आणि बाटल्यांत कोळी. काही काळे, पिवळ्या ठिपक्यांचे. काही लाल, तिळाएवढे. बाजूला सडकी केळी आणि त्यावर घोंघावणारी चिलटं.

"अंड्यांची पिशवी आणलती धुऱ्यावरून," मॅडम म्हणाल्या. "चिलटं चारून वाढवली पोरं. एकाच पिशवीतले, तरी काही लाल निघाले."

"कधी?"

"तुमच्या पेढ्यांच्या आधी."

मी खुर्ची ओढून बसलो. म्हणजे नर त्यांच्याकडे होता. पुरावा पूर्ण होता. एक फोन केला असता तर सगळं श्रेय त्यांचं एकटीचं होतं, आणि या बाई महिनाभर गप्प बसून माझ्या तोंडावरचा आनंद पाहत होत्या.

"मग बोलल्या काहून नाही?"

"आपण सांगितलं तर खोडून काढल्यासारखं होते. तज्ज्ञांनी सांगू दे, म्हटलं." त्यांनी एका बाटलीचं झाकण घट्ट केलं. "आणि नर तुमचाच ठेवू संग्रहालयात. माह्ये घरात वाढलेले हायेत. शेतातला पकडलेला पाहिजे. लेखावर दोघांचं नाव."

आजही मला त्यांचा हेवा वाटतो. आता कोळ्यावरून वाटत नाही. असं गप्प बसणं मला सात जन्मांत जमलं नसतं.

मी फळीवरची एक बाटली उचलून उजेडात धरली. मॅडम म्हणाल्या, "पेढे मात्र चांगले होते."

"कायच्यावरून?" मी विचारलं.

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसला.

"माह्या टेबलावर तुम्ही स्वतः आणून दिलते," त्या म्हणाल्या. "दरवेळी शिपाई ठेवून जाते."