पाणवठ्यावरच्या बाईची हरकत

तैलरंग सोडून मिश्र माध्यमात जायचं तर जुन्या चित्रांतल्या माणसांचा ना-हरकत दाखला लागतो. कोल्हापूरच्या विश्राम पोवारला हे ठाऊक होतं. एकोणीस वर्षं घागरी आणि फेटे रंगवून त्याला वीट आला होता. आता त्याच कॅनव्हासांवर सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, सिनेमाच्या पोस्टरांचे तुकडे आणि झगझगीत गुलाबी रंग चढणार होता, आणि शुक्रवारी प्रदर्शन होतं. फेटेवाल्या पैलवानाने अंगठा दिला. झोपाळ्यावरच्या मुलींनी तर न वाचताच सह्या ठोकल्या. अडून बसली ती पाणवठ्यावरची बाई. म्हणजे अडून उभी राहिली, कारण बसायची सोय विश्रामने तिला दिलीच नव्हती.

दाखल्यांच्या कार्यालयात खिडकीमागच्या टिपुगडेबाईंनी फाइल उघडली.

"पाणवठ्याच्या बाई काम अपुरं आहे म्हणतात."

"अहो, घराघरात कॅलेंडरवर आहे ते चित्र! अपुरं कसं?"

"पाय नाहीत."

पाय विश्रामला कधीच जमले नव्हते. शिकताना पायांच्या तासांना त्याने दांड्या मारल्या आणि पुढे प्रत्येक पायासमोर काही ना काही आणून ठेवलं: घागर, तुळस, धान्याची रास, कोंबडी. पैलवान तर गुडघाभर मातीत रोवलेला होता. इतकी वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही, आणि बाईला नेमके आत्ता पाय आठवले. त्याचं डोकं भणभणलं.

घरी येऊन तो चित्रासमोर उभा राहिला. "काय मांडलंयस हे?"

"तुमी नव्या वाटंनं चाललाय, चाला की," बाई म्हणाली. "मी कशानं चालू?"

"तुला कुठं जायचंय?"

"त्ये माझं मला बघू द्या. आदी ही घागर काडा फुडनं."

त्याने घागर पुसली आणि तीन दिवस पाय काढले. एकदा रताळी झाली, एकदा दोन्ही पाय उजवेच आले. प्रत्येक वेळी बाई खाली बघायची आणि मान हलवायची. गुरुवारी तो संतापून उठला, बाजारातल्या चप्पल लाइनीतून चपलांचा एक जोड आणला आणि साडीच्या काठाखाली गोंदाने चिकटवून टाकला.

"मिश्र माध्यमात वस्तू चालते," तो चित्र घेऊन कार्यालयात गेला तेव्हा टिपुगडेबाई नियम वाचून म्हणाल्या. "त्यांना मान्य असेल तर."

बाईने चपला निरखल्या, सही केली आणि चपला घालून निघून गेली.

शुक्रवारी प्रदर्शनाच्या मधल्या भिंतीवर नुसता पाणवठा होता. आमंत्रणपत्रिकेवर मात्र ठळक तीच होती. विश्रामला रडू यायचं तेवढं बाकी होतं. टिपुगडेबाई तपासणीला आल्या, चित्र पाहिलं आणि लिहिलं: व्यक्ती गैरहजर. चपला गैरहजर. हरकत नाही.

साडेपाचला बाई आली. सगळी चित्रं सावकाश बघितली, पैलवानाची विचारपूस केली, आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या खुर्चीवर बसून चपला काढल्या.

"लई चावत्यात," ती म्हणाली.

विश्राम तिला फैलावर घ्यायला पुढे आला आणि थांबला. समोर पाय होते. टाचांना भेगा होत्या, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब होतं, करंगळीवर चपलेने ताजा फोड आणला होता. हे सगळं आपण घागरीमागे ठेवलं याची त्याला भयंकर लाज वाटली. तो तिथंच फरशीवर बसला, एक पत्रिका उलटी केली आणि पेन्सिल काढली.

"पाहुणे आलेत," टिपुगडेबाई म्हणाल्या. "फीत कापायला बोलावतायत."

"थांबा म्हणावं." मग तो बाईला म्हणाला, "हलू नकोस."

"एकोनीस वर्सं हलले व्हय मी?"

करंगळी चुकली. त्याने ती खोडली आणि पुन्हा काढायला घेतली.