राजमणीअक्का आणि दोन हँडलचं मशीन

खोली भाड्यानं देण्याआधी राजमणीअक्कांनी मला गुंडांच्या एका टोळीशी मारामारी करायला लावली.

बार्शीहून बदली होऊन मी नुकताच सोलापुरात आलो होतो. पूर्व भागात वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून गेलो. साठीच्या अक्का दारात सुपात पानं घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. ओळखपत्र, नोकरीचं पत्र, सगळं मी फाइलमध्ये नीट लावून नेलं होतं. त्यांनी फाइलकडं बघितलंसुद्धा नाही. मला आत नेलं आणि कपाटाएवढ्या एका लाकडी मशीनसमोर स्टुलावर बसवलं.

"निळा तुमी, लाल मी. चला."

पूर्वी व्हिडिओ पार्लरमध्ये असायचं तसलं ते मशीन. एकाच पडद्यावर दोघांनी मिळून खेळायचं. लाल आणि निळा असे दोन दोस्त. गावात माजलेल्या टोळीला बदडत पुढं जायचं. वाटेत पिंपं फोडली की एखाद्यातून जेवणाचं ताट निघतं, ते उचललं की अंगात जीव येतो. मी घाबरून हाताला लागेल ते बटण दाबत होतो. ताट निघालं तेव्हा माझा निळा अर्धमेला होता, पण अक्कांच्या लालमध्ये तेवढाही जीव उरला नव्हता. आता खरं सांगतो, हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी गुंडांना भिऊन उलटीकडं पळालो आणि ताट अक्कांना मिळालं.

"माणूस बरा हाय," अक्का म्हणाल्या. "सामान कवा आणताय?"

हळूहळू कळलं की अक्का सगळ्या जगाची पारख अशीच करतात. गॅसवाला, नळ दुरुस्त करणारा, मीटर बघायला आलेला, कुणाची सुटका नव्हती. भाचीला बघायला मुलगा आला, तर पोह्यांच्या आधी त्याला मशीनसमोर बसवलं. मुलगा दिसायला गोरागोमटा, नोकरी बँकेत. पाच मिनिटांत अक्का तडक स्वयंपाकघरात आल्या.

"भरल्या पोटी ताट उचललं ओ त्यानं! मी हितं मराय लागलेय, आन ह्यो गिळतोय!"

"अक्का, बँकेत आहे तो," कुणीतरी म्हणालं.

"असंल की. ज्याचं रक्त कमी, त्याचं ताट. येवडं कळत न्हाय त्याला पोरगी कशी द्यायची?"

ते लग्न काही जमलं नाही. भाची मनातून खूश होती असं मला नंतर समजलं.

मशीनची गोष्ट साधी होती. अक्कांच्या यजमानांचं पार्लर होतं. घरोघरी मोबाइल आले तसं गिऱ्हाईक तुटलं, पार्लर बंद झालं, बाकीची मशीनं भंगारात गेली. हे एक घरी आलं. चार वर्षांपूर्वी यजमान वारले. त्यांच्याबद्दल अक्का फारसं बोलत नसत. दर रविवारी जेवणं झाली की मात्र जिन्याखालून हाक यायची, "ओ सर, या की!" मी जायचो आणि तिसऱ्या टप्प्यात मरायचो. अक्का कपाळावर हात मारायच्या. "अय्यो! हितंच मेलाव व्हय?" त्या आवाजात चेष्टेपेक्षा निराशाच जास्त असायची. एका खेळासाठी इतकं मनाला काय लावून घ्यायचं, असं मला वाटायचं.

मग एका रविवारी पुण्याहून अभिजित नावाचा तिशीतला माणूस आला. जुनी मशीनं जमवण्याचा त्याला नाद होता. दोन्ही हँडल चालू असलेलं हे मशीन आता कुठं बघायला मिळत नाही म्हणे. पाडसाच्या पाठीवरून फिरवावा तसा तो त्याच्या लाकडावरून हात फिरवत होता.

"अक्का, तुम्ही म्हणाल ती किंमत देतो."

"आदी खेळ."

तो खेळला, आणि मी बघतच राहिलो. ताट निघालं की तो बाजूला व्हायचा. अक्का मागं पडल्या की थांबायचा. तिसरा टप्पा गेला, चौथा गेला. अक्कांचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटी टोळीचा म्होरक्या आडवा झाला. मी टाळ्या वाजवल्या.

पण खेळ संपला नव्हता. लाल आणि निळा वळून एकमेकांसमोर उभे राहिले.

"आता तुम्ही आणि मी, अक्का!" अभिजित हसत म्हणाला. "दोघांतला एकच जिंकणार, असाच शेवट आहे याचा." आणि त्यानं एक ठोसा मारला. लाल पडला, उठला, आणि नुसता उभा राहिला. अक्कांचे दोन्ही हात मांडीवर होते.

अभिजितनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि हळूच आपलाही हात काढून घेतला. पडद्यावरचे आकडे उतरत गेले. वेळ संपली, दोघंही आडवे झाले.

अक्का पडद्याकडंच बघत बोलल्या.

"लगीन होऊन सा वर्सं झालती. पोरबाळ न्हाय. सासू म्हणायची, दुसरी कर. हे गप. व्हय म्हणायचे न्हाईत, न्हाय बी म्हणायचे न्हाईत. येक दिवस मी पिशवी भरली, पार्लरात सांगाय गेले, चालले म्हायेरी. भर दुपार, गिऱ्हाईक न्हाय. हे म्हणाले, येक डाव खेळ, मग जा. त्या दिशी पैल्यांदाच शेवटाला पोचलो. मशीन म्हणालं, आता तुमी दोगं भांडा. मला वाटलं, झालं, मारत्यात आता. तर ह्यांनी हात काढून पाठीमागं बांदला. मग मी बी काढला. येळ संपली. हे उठले, माजी पिशवी उचलली आन घराकडं चालाय लागले."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"हे गेल्यापासनं तितवर मला कुणी न्हेलंच न्हवतं ओ."

मी मान खाली घातली. अभिजितनं किमतीचा विषय पुन्हा काढला नाही. बॅग खांद्याला लावून तो वाकून अक्कांच्या पाया पडला आणि दारापर्यंत गेला.

"पोरा," अक्का म्हणाल्या, "गाडी कितीची हाय तुजी?"

"संध्याकाळची आहे."

अक्कांनी रिकामं स्टूल पुढं ओढलं. अभिजित क्षणभर उंबऱ्यात घुटमळला. मग बॅग खाली ठेवून निळ्याच्या बाजूला येऊन बसला.

अक्कांनी बटण दाबलं. पडदा उजळला.

"शेवटाला मारायचं न्हाय हं," त्या म्हणाल्या.