फिनलंडात नॉर्मल

यंदाच्या जत्रेत राजगडाखालच्या पालीजवळच्या एका वाडीत मटणाच्या रश्श्यात मीठ तीनदा पडलं आणि तो रस्सा साऱ्या वाडीने, पाहुण्यारावळ्यांसकट, मान खाली घालून खाल्ला. मात्र असं काही घडलंच नाही, असा ठराव वाडीने नंतर एकमताने केला आहे. एकमताच्या ठरावापुढे कुणाचं काही चालत नाही. तेव्हा आपणही ते घडलेलं नाही असं धरू आणि गेनूआबाच्या घरापासून सुरुवात करू. तिथे मिठाचा काही संबंध नाही.

गेनूआबा साठीचा गडी. राजगडावर जाणाऱ्या पोरापोरींना पिठलं-भाकरी करून घालायची हा त्याचा धंदा. पण वाडीत त्याची ओळख वेगळी होती. जत्रेत पालखी उचलायचा मान एका घराचा, पहिला नारळ फोडायचा दुसऱ्याचा, तसा रस्सा चाखायचा मान गेनूआबाच्या घराचा. हंडे चुलीवरून उतरायच्या आधी आबाने चाखून ‘झालं’ म्हटल्याशिवाय पंगत बसत नसे. आचाऱ्यानेसुद्धा त्याच्या आधी चाखायचं नाही, अशी रीत होती. आणि आबाने एकदा ‘झालं’ म्हटलं, की रश्श्याला नाव ठेवायचा अधिकार कुणालाच उरत नसे. एवढी सत्ता तलाठ्यालाही नव्हती.

जत्रा तोंडावर आलेली असताना पुण्याहून स्नेहल मॅडम आल्या. त्या डॉक्टर होत्या, पण गोळ्या देणाऱ्या नव्हत्या, नुसतं रक्त नेणाऱ्या. जगात कुठल्या देशातल्या माणसांच्या रक्तात कोलेस्टेरॉल किती असतं आणि डोंगरातल्या माणसांच्या किती, हे त्यांना ताडून बघायचं होतं. समाजमंदिराच्या भिंतीवर त्यांनी एक तक्ता लावला. त्यावर एकेका देशाचा एकेक रंगीत खांब होता, कुणाचा उंच, कुणाचा बुटका. वाडीने तो तक्ता बघितला आणि ही स्पर्धा आहे हे तत्काळ ओळखलं.

आठवड्याने मॅडम आकडे घेऊन परत आल्या. त्या एकेकाला कोपऱ्यात बोलावून हळू आवाजात आकडा सांगत, आणि तो माणूस बाहेर येऊन मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगे.

“दोनशे सत्तर,” गेनूआबा पायरीवर उभा राहून म्हणाला.

एवढा आकडा वाडीत कुणाचाच नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबाचा चुलतभाऊ भिमा एकशे नव्वदवर अडकला होता. तो मॅडमकडे जाऊन “जरा परत मोजता का? त्या दिवशी म्या निस्ता चहा पिऊन आलो हुतो,” म्हणाला. सरपंच सगुणाबाईंनी शाल-नारळ मागवला. शाल आबाच्या खांद्यावर पडतच होती, तेवढ्यात स्नेहल मॅडम धावत बाहेर आल्या.

“अहो, काय करताय? जास्त असणं वाईट असतं. काकांना जपायला हवंय. मटण, तूप, तळलेलं सगळं कमी करायचं. आणि तालुक्याला जाऊन डॉक्टरांना दाखवायचं.”

टाळ्या थांबल्या. शाल मात्र परत घ्यायची पद्धत नसल्याने ती आबाकडेच राहिली.

आबाची बायको रतनबाई माळकरी. तिचा आकडा एकशे अठ्ठावन्न. तिने मॅडमचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर एकच वाक्य बोलली.

“मटान बंद.”

“आनि जत्रंत चाखायचं?”

“त्ये बी.”

आबा रात्रभर शाल पांघरून पडून राहिला. सकाळी उठून त्याने समाजमंदिर गाठलं.

“म्याडम, ह्या तक्त्यात माझ्याएवढी मान्सं कुठं असत्यात?”

“इतकी जास्त कुठल्याच देशाची सरासरी नाहीये काका आता. पूर्वी होती. फिनलंडच्या पूर्वेकडे एक भाग आहे. तिथले लोक भरपूर लोणी खायचे, डुकराचं मांस खायचे, दूध सायीसकट. एकोणीसशे बहात्तर साली मोजलं, तर तिथल्या पुरुषांची सरासरी साधारण तुमच्याएवढीच निघाली.”

आबा खुर्चीत जरा सरळ झाला. “मंजी तितं मी नॉर्मल.”

“नाही काका. तिथे चाळिशी-पन्नाशीतले पुरुष हार्ट अटॅकने पटापट जात होते.”

“पर चारचौगांसारखा.”

“हो, चारचौघांसारखाच. पण ते चौघेही...”

“आनि आमच्या मंडळी? एकशे अठ्ठावन?”

“त्या काळात जपानच्या खेड्यांत तेवढं असायचं.”

“तरीच,” आबा म्हणाला. “चाळीस वर्सं झाली लग्नाला. मला वाटायचं सोभावात फरक हाय.” मग त्याने जरा पुढे वाकून विचारलं, “आनि ती फिनलंडवाली मंडळी आता कशी हाईत?”

“आता छान आहेत. सगळ्या गावांनी मिळून लोणी सोडलं, तेल धरलं, भाज्या वाढवल्या. आकडा खूप खाली आणला त्यांनी.”

आबाचा चेहरा पडला. आपलं म्हणावं असं एक गाव अख्ख्या पृथ्वीवर सापडलं होतं आणि तेही आयत्या वेळी फिरलं होतं.

तरी त्याने घरी प्रयत्न करून बघितला. “अगं, मला काय बी झालेलं न्हाई. निस्ता देस चुकलाय.”

“मग जावा फिनलंडला,” रतनबाई भाकरी थापत म्हणाली. “नसरापूरच्या फाट्यावर एस्टी मिळंल.”

प्रकरण सरपंचबाईंकडे गेलं. त्यांनी स्नेहल मॅडमना बोलावून घेतलं. मॅडम म्हणाल्या, “अहो, एक चमचा चाखायला काहीच हरकत नाही.”

“म्याडम,” रतनबाई म्हणाली, “ह्यांचा चमचा तुमी बगितला न्हाई.”

मग तिने समजावून सांगितलं. हंड्यातली एक वाटी वरची घ्यायची, कारण तर्री वर असते. एक वाटी तळातली, कारण मीठ खाली बसतं. शिजलंय का बघायला दोन फोडी. मसाला आत मुरलाय का बघायला एक नळी, ती फुटेस्तोवर चोखायची. हे एका हंड्याचं झालं. हंडे चार. गेल्या वर्षी चाखून झाल्यावर आबाला दोघांनी धरून पंगतीत नेलं होतं, आणि पंगतीत तो पुन्हा जेवला होता.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि “मी माझा शब्द मागे घेते,” म्हणाल्या.

“मान तर घराबाहीर जाता कामा नये,” सरपंचबाई म्हणाल्या. “मग यंदाच्या सालापुरतं भिमानं चाखावं.”

“दादा, तुमी निवांत बसा,” भिमा म्हणाला. “म्या हाय की. येकाच वर्साचा तर परश्न हाय.”

आबाने खांद्यावरची शाल घट्ट धरली. एका वर्षापुरता दिलेला मान परत येत नसतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या वडिलांनी हा मान भिमाच्या वडिलांकडून असाच एका वर्षापुरता घेतला होता.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी चारही हंडे रटरटू लागले. भिमा नवं धोतर नेसून चुलीपाशी आला. आता भिमाचंही एक दुखणं होतं. एकशे नव्वदवाल्यालासुद्धा मॅडमनी “थोडं सांभाळा” म्हटलं होतं, आणि ते दोन शब्द त्याच्या काळजात जाऊन बसले होते. त्याने पळीभर रस्सा घेतला, मिशीपर्यंत नेला, डोळे मिटले, आबासारख्या मिटक्या मारल्या आणि पळी हळूच मागच्या मागे ओतली. मग आबा दरवर्षी पहिल्यांदा जे म्हणायचा, तेच तो म्हणाला.

“मीठ कमी हाय.”

आचाऱ्याने मीठ टाकलं.

देवळाच्या कट्ट्यावर बसून गेनूआबा वाऱ्याची दिशा बघत होता. चाखायला बंदी होती, वास घ्यायला नव्हती. चाळीस वर्षांचा अनुभव नाकात गोळा करून त्याने निरोप धाडला, “आचाऱ्याला म्हनावं, मीठ कमी पडलंय.” जुन्या मानकऱ्याचा शब्द मोडायची आचाऱ्याची छाती झाली नाही. त्याने चारही हंड्यांत पुन्हा मीठ टाकलं.

रतनबाईने कट्ट्यावरचं नवऱ्याचं तोंड बघितलं. ते आंबट झालं होतं. आजवर आपल्या दारात असलेला मान बदनाम व्हायला नको, असं तिच्या मनात आलं. माळकरी असल्याने चाखायचा प्रश्न नव्हता. तिने लांबूनच रंग बघितला, तो तिला अळणी वाटला, आणि आचारी लाकडं सारायला वाकला तेवढ्यात तिने प्रत्येक हंड्यात मूठ मूठ मीठ सोडलं. तिच्या हाताचं पिठलं आजवर कधी बिघडलं नव्हतं, याची साक्ष अख्खा राजगड देईल.

भिमाने पुन्हा पळी मिशीपर्यंत नेली आणि म्हणाला, “झालं.”

पंगत बसली. पहिला घास गेला आणि चारशे माणसं एकाएकी विचारात पडली. पण ‘झालं’ झालं होतं. कुणी भात मागितला, कुणी पुन्हा भात मागितला. पानशेतकडचे पाहुणे तांब्या तोंडाला लावून बसले. प्रमुख पाहुण्या म्हणून स्नेहल मॅडमना पहिल्या ओळीत बसवलं होतं. पाहुण्याचं पान रिकामं दिसता कामा नये म्हणून सरपंचबाई स्वतः त्यांना वाढत होत्या.

“कसा झालाय, म्याडम?”

“वेगळा आहे,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी आपला पुढचा अभ्यास ब्लडप्रेशरवर करायचं तिथेच ठरवलं.

त्या दिवशी वाडीत पोटभर जेवला तो एकटा गेनूआबा. घरच्या मटकीच्या उसळीसोबत दोन भाकरी हाणून तो मनातल्या मनात हसत होता. भिमाने माती खाल्ली होती. मान परत येणार हे ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक बसली. आचाऱ्याला उभं केलं.

“मीठ कुनाच्या सांगन्यावरनं टाकलंस?” सरपंचबाईंनी विचारलं.

आचारी म्हणाला, “पैल्यांदा भिमाभाऊंच्या.”

गेनूआबाने मान डोलावली.

“आनि मग?”

आचाऱ्याने आबाकडे बघितलं. आबाने छपराकडे बघितलं. रतनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

“सरपंचबाई,” आबा घाईने उठून म्हणाला, “सनासुदीचं कशाला उकरून काडायचं? काल काय बी घडलं न्हाई, असा ठराव करूया. म्या मांडतो.”

“माझं अनुमोदन,” भिमा म्हणाला.

सगळ्यांनी हात वर केले. सर्वांत वर रतनबाईचा होता. आणि ठराव लिहून झाल्यावर सरपंचबाईंनी पुढचा मुद्दा घेतला, “काल काय बी घडलं न्हाई, मंजी भिमाची चूक न्हाई. चूक न्हाई, तर मान काडायला कारन न्हाई. मान भिमाकडंच ऱ्हाईल.”

आबा खाली बसला. आपला ठराव इतक्या एकमताने मंजूर झालेला त्याने आयुष्यात पहिल्यांदाच बघितला होता.

मान परत मिळवायचा, तर आता आकड्याचा निकाल लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आकडा खाली आणायचा दुसरा एक मार्ग होता. तो रतनबाईने दुधीभोपळ्याच्या रूपाने रोज ताटात वाढायला सुरुवातही केली होती. पण आबाचा कायद्यावर विश्वास होता. तक्त्याचा मोबाईलवर काढलेला फोटो जोडून आणि सरपंचबाईंची ‘योग्य त्या कारवाईसाठी पुढे पाठवला’ अशी सही घेऊन त्याने तालुक्याला जो अर्ज टपालात टाकला, त्याचा शेवट असा होता:

‘तरी मेहेरबान तहसीलदारसाहेबांनी अर्जदारास दरसाल जत्रेच्या दोन दिवसांपुरते सन १९७२ मधील पूर्व फिनलंडचे कायम रहिवासी समजून तसा दाखला द्यावा, आणि त्याच साली महाराष्ट्रात पडलेला दुष्काळ सदर अर्जदारास लागू धरण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.’