दोनशे एकतीस टाळ्या

आमच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाज यांचा जसा मेळ बसलाय, तसा आमच्या घराण्यात एकाही जोडप्याचा बसलेला नाही. आणि तो मी स्वतः बसवलाय, कोणालाही न बोलावता.

मेहुणा कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे. त्याने आधीच सांगितलं होतं, "भाऊजी, नाद सोडा. घरच्या कॉम्प्युटरवर चित्र येईल, आवाजही येईल, पण दोघं एका वेळी येणार नाहीत."

"न येऊन जातील कुठे?" मी म्हणालो.

पहिल्या दिवशी फाटक लागायचं, मी मनात तीनपर्यंत मोजायचो, आणि मग 'धाड' ऐकू यायचं. पेपरवाला अख्खा कोपऱ्यावरून वळून गेला की मागाहून त्याचा "पेपर" यायचा. आईने एकदा ते पाहिलं आणि विचारलं, "याचं भूत मागे राहिलंय का?"

मी वही घातली. आवाज कशाचा, उशीर किती. सेटिंग बदलायचं, बाहेर जाऊन कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची, आत येऊन बघायचं, वहीत लिहायचं. चार दिवसांत दोनशे एकतीस टाळ्या झाल्या. शेजारचे भिंगवाले काका कुंपणावरून म्हणाले, "डास फार झालेत का हो तुमच्याकडे?"

काकांना हे नाव त्यांच्या गाडीमुळे पडलं. गाडी आमच्या फाटकाला खेटून उभी असते आणि निवृत्त झाल्यापासून काका रोज सकाळी तिच्यावरून भिंग फिरवतात. माशी बसून गेली तरी त्यांना पावलं सापडतात.

बुधवारी सकाळी फरक शून्यावर आला. मी आईला दाखवलं, बायकोला दाखवलं, दूधवाल्याला आत बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "पण आवाज असाच येतो ना?" कलेची कदर सगळ्यांना नसते.

त्याच दिवशी दहा वाजता काका दारात उभे. हातात भिंग.

"माझ्या गाडीच्या मागच्या दाराला पोचा आलाय. साडेआठला दार गुळगुळीत होतं. नऊला सूनबाई गाडी काढून कामावर गेल्या. मी कोणाचं नाव घेत नाही."

बायकोला गाडी शिकून दोनच महिने झालेत. ती निघाली की आम्ही, म्हणजे मी आणि आई, "रस्ता मोकळा करा हो" म्हणायचो. संध्याकाळी ती आली, सगळं ऐकून घेतलं आणि गाडीची किल्ली कॉम्प्युटरशेजारी ठेवली.

"माझा धक्का लागला असेल, तर ही किल्ली मी पुन्हा उचलणार नाही. नसेल, तर माझ्या गाडी चालवण्यावर या घरात कोणी चकार शब्द काढायचा नाही."

"कळेलच आता," आई म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

मी मेहुण्यालाही मुद्दाम बोलावून घेतलं होतं. लोकांनी बघावं असं काही आपल्या हातून रोज होत नाही. आधी टाळीचं चित्र दाखवलं. दोनदा. मग वही वाचून दाखवली.

काकांनी पडद्याला भिंग लावलं. "पण माझं मागचं दार फाटकाच्या खांबाआड आहे. दिसतच नाही."

"दिसत नाही, पण ऐकू येतं. धक्का लागला तर आवाज येणार, आणि त्याच क्षणी येणार. केसाइतका फरक दाखवा, ही वही चुलीत घालतो."

"मानलं, भाऊजी," मेहुणा म्हणाला. त्याच्या तोंडून हे ऐकायला मला नऊ वर्षं लागली.

मी सकाळचं चित्रण लावलं. नऊ वाजून दोन मिनिटं. बायकोची गाडी सावकाश बाहेर पडली, क्षणभर खांबाआड गेली, पलीकडून निघाली. इंजिनाची घरघर, एक चिमणी, बाकी काही नाही.

बायकोने किल्लीकडे हात नेला. शहाण्याने इथे कॉम्प्युटर बंद केला असता. मी म्हणालो, "थांबा, ती चिमणी आता जवळ येईल. चोच आणि चिवचिव कशी बरोबर पडते ते बघा."

चिमणी आली नाही. मी आलो, खांद्यावर शिडी घेऊन. कॅमेऱ्याच्या काचेवर जाळं धरलं होतं, ते पुसायला. माझी एक नाकपुडी पडदाभर पसरली. आई हसली. जाळं पुसून मी खाली उतरलो, शिडी आडवी खांद्यावर घेतली आणि कॅमेरा कसा दिसतो ते बघायला वळलो. मी वळलो तशी मागून शिडीही वळली आणि तिचं टोक खांबाआड गेलं.

टण्ण.

पडद्यावरच्या 'मी'ने मागे पाहिलंही नाही. वर कॅमेऱ्याकडे बघून तो खुशीत म्हणाला, "वा, काय खणखणीत वाजलं कुठेतरी! हे नक्की टिपलं जाणार."

काकांनी भिंग पडद्यावरून काढून माझ्यावर धरलं.

मेहुण्याला माझी दया आली. "भाऊजी, आवाज होतो कधीकधी मागेपुढे. रस्त्यात कुठे भांडं पडलं असेल. हो ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंही.

"मग हिच्या धक्क्याचाही झाला असेल मागेपुढे," आई म्हणाली.

बायकोचा हात किल्लीच्या वर तसाच थांबला. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या डोळ्यांसमोरून दोनशे एकतीस टाळ्या ओळीने गेल्या.

"अजिबात नाही," मी म्हणालो. "मेळ अचूक आहे. पोचा माझ्या शिडीचा आहे, काका. उद्या पत्रेवाल्याकडे मी स्वतः गाडी घेऊन जातो."

"तुम्ही नको," काका म्हणाले. "सूनबाई नेतील."

आता किल्ली बायकोच्या पर्समध्ये असते आणि शिडी आईच्या पलंगाखाली. मला हवी असेल तर दोघींना विचारावं लागतं.

त्या रात्री बायको फार दिवसांनी गोड बोलली. "सगळ्यांसमोर कबूल केलंत. माझ्यासाठीच ना?"

मी "हो" म्हणालो. मग ती झोपल्यावर उठलो आणि राहिलेली नोंद वहीत करून टाकली. शिडी, काकांचं दार, बुधवार. उशीर : शून्य.