सासऱ्यांच्या गाडीचं तेलपाणी

गाडीच्या तेलाबद्दल मला कोणी काही शिकवायचं नाही! सासरे गेले, त्यांची जुनी गाडी माझ्याकडे आली, तेव्हाच मी ठरवून टाकलं की हिला गॅरेजवाल्याचा हात लागू द्यायचा नाही. इंटरनेटवर गाडीवेड्यांचा एक गट आहे, तिथे मी मुक्कामच ठोकला. पातळ तेल चांगलं की घट्ट, यावर तिथली मंडळी एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचली होती. गाडीच्या पुस्तिकेत साधंसं पातळ तेल लिहिलेलं. पण पुस्तिका काय, कोणालाही मिळते! मी थेट जर्मन तेल आणलं, फिल्टरही परदेशी, आणि शेजारच्या दोसिकभाऊंच्या गोदामापुढे गाडीखाली शिरलो.

दुसऱ्याच दिवशी बॉनेटमधून जळका वास यायला लागला.

"काय घातलंस रे इंजिनात?" माझी बायको मिरान नाकाला रुमाल लावून म्हणाली.

"नवीन तेल आहे, रुळायला वेळ लागतो."

तेल काही रुळलं नाही. वास मात्र छान रुळला!

"पातळ पडलं," दोसिकभाऊंनी निदान केलं. "घट्ट घाल!"

घट्ट घातलं. आता सकाळी चावी फिरवली की इंजिन म्हातारा खुर्चीतून उठावा तसं कण्हायचं, आणि वास दुप्पट! मग फिल्टर बदलला. मग आणखी एक तेल. गाडी उभी केली रे केली की आसपासची मांजरं बॉनेटवर बैठक मारायला लागली.

"उंची तेल मांजरांनासुद्धा कळतं!" मी म्हणालो. मिरान हसली नाही.

एका रविवारी सासूबाई गाडीत बसल्या. कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्यांचे डोळे भरून आले.

"जावईबापू, ह्यांनी या गाडीला कधी साधं खोकू दिलं नाही हो! छुसॉकला, पितरांच्या सणाला, आपण ह्यांच्या थडग्यावर जाऊ, तोवर वास गेला नाही तर भंगारात देऊन टाका. मला हे बघवत नाही."

याच गाडीत शेजारी बसून सासऱ्यांनी मला घाट चढवायला शिकवलं होतं, तेही एकदासुद्धा आवाज न चढवता. मला ही गाडी हवी होती. फार हवी होती.

सणाच्या आदल्या दिवशी मी पुन्हा तेल बदललं, गटातल्या सगळ्यांत भांडखोर माणसाच्या सल्ल्याने. सकाळी निघालो. अख्खं सोल शहर आपापल्या गावाला निघालेलं, गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. पण वास? नावालाही नाही!

"बघा आई!" मी छाती फुगवून म्हणालो.

घाट लागला, इंजिन तापलं आणि बॉनेटमधून धूर निघाला.

कशीबशी गाडी पुढच्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर आणली आणि बॉनेट उघडलं. खाण्याच्या रांगेतला एक आजोबा वास घेत घेत जवळ आला.

"भाऊ, भाजलेला मासा इकडे मिळतोय का?"

"मासा नाही, इंजिन आहे हे!" मी खेकसलो.

सासूबाई खाली उतरल्या. नीट वाकून बघितलं, डब्यातल्या चॉपस्टिक काढल्या आणि तापलेल्या नळीमागून काहीतरी अलगद ओढून काढलं. सुका मासा! पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळलेला, एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं तेल ठिबकतंय.

"अगंबाई! हा तर ह्यांचा मासा!"

"बाबांचा?" मिरान.

"गाडी घेतली तेव्हा पूजा करून त्यांनीच बांधला होता. गाडीवरचं संकट यानं आपल्या अंगावर घ्यावं म्हणून. मला वाटलं, कधीच पडून गेला असेल."

इतकी वर्षं बिचारा कोपऱ्यात सुखानं सुकत होता. फिल्टर काढताना मीच त्याला धक्का देऊन नळीवर ढकललं असणार! त्यानंतर दर वेळी वरून ताजं तेल सांडून मी त्याला खरपूस करत होतो.

"म्हणजे इतके दिवस तू बाबांचा मासा तळत होतास?" मिरान म्हणाली.

"विकायचा आहे का?" आजोबानं विचारलं.

सासूबाई आधी रडल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना बॉनेटला धरून उभं राहावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "गाडी ठेवा, जावईबापू. पण तेल पुस्तिकेतलं, आणि तेही गॅरेजमध्ये!"

थडग्यापुढे त्यांनी भात, नासपती, तांदळाची दारू आणि नवा कोरा सुका मासा मांडला. शेजारी तो जळका मासाही ठेवला.

"अहो, हा तुमचा मासा," त्या सासऱ्यांना सांगायला लागल्या. "काम चोख केलं हो यानं. इतक्या वर्षांत गाडीवर एकच संकट आलं, ते सगळं यानं अंगावर घेतलं. आणि ते संकट हे बघा, तुमच्या पाया पडायला आलंय."

मी मुकाट्यानं कपाळ जमिनीला टेकवलं. उठायची वेळ झाली, पण मागे मिरानचं हसणं थांबेना, म्हणून आणखी थोडा वेळ तसाच राहिलो.