उमेदवाराच्या नावाची वाटी

"इंदुरात गुन्हे कमी का होतात, तर मी इंदुरात राहतो म्हणून," असं संताजीराव जगदाळे कुणालाही सांगत. ऐकणारा बहुधा जेवायला बसलेला असे, त्यामुळे त्याला उठून जाता येत नसे. त्यांच्या मते त्यांची नजर घारीची होती, कान सशाचे होते आणि घराणं होळकर दरबारातल्या गुप्तहेरांचं होतं. पणजोबा दरबारात खरोखरच नोकरीला होते, पण हत्तींच्या चाऱ्याकडे बघायला. ते फक्त दाखवायला, असं संताजीराव म्हणत.

स्वतः संताजीराव वीज मंडळात मीटर तपासून निवृत्त झाले होते. आता ते राजेंद्र नगरात बहिणीच्या गच्चीवरच्या खोलीत 'जगदाळे गुप्त अन्वेषण' चालवत. पाटी एवढी मोठी होती की संस्थेचं जे काही गुप्त होतं ते चौकातूनच वाचता येई.

संस्थेतला दुसरा माणूस म्हणजे त्यांचा भाचा, मनीष दिघे. मामांना स्कूटर चालवता येत नव्हती आणि मनीषला नाही म्हणता येत नव्हतं, एवढ्यावर तो सहायक झाला होता. आजवरच्या प्रकरणांत त्याला पेट्रोलखेरीज काही सोसावं लागलं नव्हतं. या वेळी मात्र प्रकरण त्याच्याच घरचं होतं, आणि सकाळी तक्रारीची कुणकुण लागल्यापासून ते मामांच्या हाती पडू नये म्हणून त्याने शर्थ केली होती. पण नोटीस घेऊन आलेल्या माणसाने पत्ता विचारला तो नेमका पाटी बघून, गच्चीवर.

नोटीस मनीषच्या बायकोला होती. अरुंधती घरी गणिताच्या शिकवण्या घेई आणि यंदा नगर निगमाच्या निवडणुकीत पार्षदपदासाठी, म्हणजे नगरसेवक व्हायला, अपक्ष उभी होती. मागच्या गल्लीतली गटाराची लाइन दुरुस्त व्हावी म्हणून ती झोन कार्यालयात इतक्या वेळा गेली होती की तिथला चौकीदार तिच्यासाठी चहा सांगू लागला. काम काही झालं नाही. शेवटी ती म्हणाली, आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून बघते.

तक्रार केली होती विक्रम भियांनी, म्हणजे इंदुरी बोलीत विक्रमभाऊंनी. कागदावर उमेदवार त्यांच्या पत्नी सुरभी होत्या, पण बॅनरवर भियांचा फोटो एवढा मोठा होता की सुरभीताईंना शोधायला जवळ जावं लागे. प्रचाराला घरोघरी फिरताना भियांना शेव-चिवडा मिळाला तो स्टीलच्या वाट्यांतून, आणि घरामागून घर प्रत्येक वाटीवर कोरलेलं होतं, 'सौ. अरुंधती'. म्हणजे या बाई मतदारांना भांडी वाटताहेत. एका जागरूक मतदाराकडून मिळालेली वाटी त्यांनी पुरावा म्हणून निर्वाचन कार्यालयात सीलबंद जमाही केली होती. नोटिशीसोबत तिचा फोटो जोडला होता.

"मी एक चमचाही वाटलेला नाही," अरुंधती म्हणाली. "उद्या अकराला खुलासा द्यायचाय आणि तीनला नाव मागे घ्यायची मुदत संपते. तोवर हे धुतलं गेलं नाही, तर मी स्वतः फॉर्म मागे घेईन. भांडीवाली बाई म्हणून मला मतं नकोत, मनीष."

ती हे चढ्या आवाजात म्हणाली असती तर मनीषला बरं वाटलं असतं. तिने कुकरला ऐकवत भाषणाचा सराव केलेला त्याने पाहिला होता. तिसऱ्या शिट्टीपर्यंत तिचा मुद्दा पक्का होई. हे सगळं वाटीपायी वाया जावं, हे त्याला सहन होईना.

अरुंधतीच्या नावाच्या वाट्या घरात होत्या, हे खरं. लग्नात तिच्या आत्याने त्या ढीगभर दिल्या होत्या आणि घरच्यांनी त्या पोटमाळ्यावर पोत्यात बांधून ठेवल्या होत्या. संताजीराव शिडीवर चढले, वायरिंगकडे एक तज्ज्ञ नजर टाकली आणि पोतं उघडलं. आत क्रिकेटचे पॅड निघाले.

"चोरी," ते वरूनच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मनीषने त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता.

मामांची उपपत्ती अशी होती. भियांच्या टोळीने वाट्या पळवल्या आणि घरोघर पेरल्या. आता घरोघरच्या बायकांकडून कबुली घ्यायची. मनीषने सुचवलं की आधी आईला फोन करावा, घरातलं भांडं न् भांडं तिला ठाऊक असतं. पण इंदिराबाई नातवाच्या बारशाला सांवेरला लेकीकडे गेल्या होत्या. त्यांना बीपी होतं आणि त्यांना काही कळवायचं नाही, असा अरुंधतीचा हुकूम होता. संताजीरावांनी तो उचलून धरला. तपासात नातेवाईक आणू नयेत, असं त्यांनी स्कूटरवर मागे बसता बसता भाच्याला सांगितलं.

पहिलं घर पळशीकरकाकूंचं. स्वच्छता सर्वेक्षणाचा माणूस बनून जायचं म्हणून मामांनी टोपी आणि काळा चष्मा घातला होता. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या संताजीभाऊ, डोळे आलेत का?"

मामांनी ओला कचरा, सुका कचरा विचारलं, सवयीने मीटरचा आकडा बघितला आणि मग एकदम ओट्यावरच्या वाटीकडे बोट करून ही कुठून आली म्हणून विचारलं. काकूंचा चेहरा पडला. त्यांनी वाटीवर फडकं टाकलं. कुठली वाटी, असं म्हणाल्या आणि गॅसवर दूध नसतानाही दूध उतू जातंय म्हणून आत गेल्या.

पुढच्या घरी यमुनाताई सोहनींनी प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. वाटी सोफ्यावर होती. त्या तिच्यावरच बसल्या आणि पाहुणे जाईपर्यंत उठल्या नाहीत. तिसऱ्या घरी तर "दोन दिवसांत देते हो, खरंच देते," असं कुणी तरी आतून म्हणालं आणि दार लागलं.

"दहशत," संताजीराव जिन्यात पुटपुटले. "या बायकांना कुणी तरी धमकावलंय."

मनीषला त्या चेहऱ्यांवर भीती दिसली नव्हती. दिसलं होतं ते काही तरी ओळखीचं, शाळेत गृहपाठ राहिला की मुलांच्या तोंडावर येतं तसं. पण मामा तोवर दुसऱ्या उपपत्तीवर पोहोचले होते. निवडणुकीत त्याच नावाचा दुसरा उमेदवार उभा करून मतं फोडतात, तशी कुणी दुसरीच अरुंधती मैदानात उतरवली असणार. फोनवर शोधल्यावर तुकोगंजात एक अरुंधती निघाली, दातांची डॉक्टर. मामा पेशंट बनून आत गेले. बाईंनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंड उघडायला लावलं आणि मग त्यांना काही विचारता आलं नाही. अर्ध्या तासाने ते गाल धरून बाहेर आले. एक दाढ कमी झाली होती.

"हिचा शंबंध नाही," ते म्हणाले. "हात फार हलका आहे."

परतीच्या वाटेवर मामा मागे बसून सारखे 'हं, हं' करत होते. मनीषला वाटलं, दाढ दुखत असेल. घरापाशी उतरल्यावर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जड जिभेने विचारलं की बायको निवडून आली तर चहा कोण करणार, हा विचार त्याला कधी छळतो का. मनीषला प्रश्नाचा रोख कळायला वेळ लागला. तिसरी उपपत्ती तोच होता.

"मामा, चहा आत्ताही मीच करतो," तो म्हणाला.

आत अरुंधती नाव मागे घेण्याचा अर्ज भरून बसली होती. फक्त सही राहिली होती. मनीषने पेन उचलून खिशात ठेवलं. तिने दप्तरातून दुसरं काढलं.

तेवढ्यात सांवेरच्या बसने इंदिराबाई आल्या. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांचं लक्ष टेबलावरच्या फोटोकडे गेलं.

"अग बाई, माझी वाटी," त्या म्हणाल्या. "काठाला पोचा आहे ना? ही गूळपापडी घेऊन गेली होती. मिळाली कुठे?"

अरुंधतीने हळूच विचारलं, आई, त्या वाट्या तर पोत्यात होत्या ना?

"पोत्यात ठेवून काय त्यांची पूजा करायची? मी कधीच काढल्या. एक पळशीकरांकडे आमरस घेऊन गेली, एक यमुनाकडे खिरापत घेऊन. गेल्या की गेल्याच."

"आक्का," संताजीराव ताठ बसले, "म्हणजे तूच वाटल्यास?"

"वाटल्या नाहीत रे, पदार्थ पाठवला. तो काय ओंजळीत पाठवायचा?"

"मग त्या परत का आल्या नाहीत?"

इंदिराबाईंनी भावाकडे बघितलं. एवढं साधं कळत नसलेला माणूस आपल्या आईच्या पोटी कसा आला, असा तो बघण्याचा प्रकार होता. "कुणाची वाटी रिकामी परत करतात का? आपल्याकडे काही चांगलंचुंगलं झालं की त्यात घालून द्यायची. ते होता होता राहतं. मग वर्ष जातं, मग लाज वाटते, मग आणखी वर्ष जातं." त्यांनी पिशवी उचलली. "तुम्ही दोघं गेला असाल वाट्या मागायला. बिचाऱ्या मेल्याहून मेल्या झाल्या असतील."

मनीष जमिनीकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे सोफ्यावरून न उठणाऱ्या यमुनाताई आल्या.

इंदिराबाईंनी महिला मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला. ज्यांच्याकडे आमच्या वाट्या असतील त्यांनी उद्या सकाळी अकराला निर्वाचन कार्यालयात आणून द्याव्यात, अरुंधतीचं काम अडलंय. पलीकडून एकीनेही का म्हणून विचारलं नाही. मात्र रात्रभर राजेंद्र नगरातून तुपाचा वास येत राहिला.

सकाळी कार्यालयात आचारसंहितेच्या अधिकारी शिखा मॅडम, एका बाजूला विक्रम भिया आणि त्यांचा वकील, दुसऱ्या बाजूला दिघे मंडळी असे सगळे बसले होते. मग बायका यायला लागल्या. पळशीकरकाकू पुढे होत्या. मॅडमच्या टेबलावर त्यांनी वाटी ठेवली. तिच्यात बेसनाचा लाडू होता. यमुनाताईंच्या वाटीत साबुदाण्याची खिचडी होती आणि वर इंदुरी जिरावण मसाला. मग श्रीखंड आलं, गुळाचा शिरा आला, कुणाचा तरी मुरंबा आला. मॅडमनी फायली उचलून खिडकीत ठेवल्या.

"ये सब क्या है?" त्यांनी विचारलं.

"त्यांची वाटी त्यांना परत," काकू म्हणाल्या. "रिकामी कैसे दें, मॅडमजी?"

विक्रम भियांच्या वकिलाने हे नाटक असल्याचं सांगितलं. सीलबंद वाटी मतदाराच्या घरातून मिळाली आहे, तिचं काय, असं तो विचारत होता, तेव्हा दारातून सुरभीताई आत आल्या. बॅनरवरच्यापेक्षा त्या बऱ्याच मोठ्या दिसत होत्या. त्यांच्या हातात गाजरहलव्याची वाटी होती.

"इंदिराकाकू, माफ करा हं," त्या म्हणाल्या. "तुमच्या वाटीतून गूळपापडी खाल्ली त्याला दोन दिवाळ्या झाल्या. काल ग्रुपवर वाचलं आणि रॅक बघितला, तर वाटीच गायब. परवापर्यंत तिथंच होती, शप्पथ. म्हणून माझ्या वाटीतून आणलं."

सगळ्यांची नजर टेबलावरच्या सीलबंद पिशवीकडे गेली आणि तिथून विक्रम भियांकडे. भिया छतावरच्या पंख्याकडे बघत होते. शिखा मॅडमनी पिशवीतून काठाचा पोचा निरखला. मग हलव्याची वाटी उचलून फिरवली. तिच्यावर स्वच्छ अक्षरांत कोरलेलं होतं, 'सौ. सुरभी'.

"मतलब," मॅडम म्हणाल्या, "एक प्रत्याशी माझ्यासमोर मतदाराला आपल्या नावाचं भांडं देतेय. वकीलसाहेब, तक्रार आपकी है. एक लिखूँ या दो?"

भियांनी वकिलाच्या कानात काही सांगितलं. वकिलाने तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं आणि लिहिता लिहिता यमुनाताईंची खिचडी संपवली.

अरुंधतीने पर्समधून तो भरलेला अर्ज काढला, चार तुकडे केले आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. तीन वाजले तेव्हा ती मागच्या गल्लीत दारोदार फिरत होती आणि मनीष तिच्या मागे पत्रकं घेऊन. गच्चीवर संताजीराव सुजलेल्या गालाने प्रकरणाचा वृत्तांत लिहीत होते. गुन्हेगार घरातलाच आहे हे आपण तिसऱ्या उपपत्तीतच ओळखलं होतं, फक्त व्यक्ती थोडी चुकली, असं त्यात होतं.

राहिली सुरभीताईंची वाटी. हलवा संपल्यावर ती घासून पुसून इंदिराबाईंनी ओट्यावर पालथी घातली. अरुंधतीने विचारलं, आई, ही भरून कधी पाठवायची?

"आता आचारसंहिता आहे, मतमोजणी होऊ दे," इंदिराबाई म्हणाल्या. "जिंकलीस तर शिरा करून पाठवू."

"आणि हरले तर?"

"तरी शिराच. साखर जरा कमी घालू."